डँडेनॉन्ग परिसरातील पीटभूमीचा नकाशा: उपग्रह प्रतिमेपासून आगीच्या प्रतिबंधापर्यंत

पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर. शालेय भूगोलात कोळशाचे प्रकार शिकवताना पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट अशी उतरंड सांगितली जाते. त्यातला पहिला आणि सर्वांत कोवळा प्रकार तो हाच. दलदलीत प्राणवायू खोलवर पोचत नाही. त्यामुळे लव्हाळी, गवत, शेवाळ आणि झुडपांची मुळे पूर्ण कुजत नाहीत, एकावर एक दबत जातात आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने थर वाढतो. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग पीटने व्यापलेला आहे, पण मातीत साठलेल्या एकूण कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश कार्बन एवढ्याच भागात आहे.

पाण्याने भरलेले पीट पेटत नाही. त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण सव्वापट पाणी त्यात असेल, तर ठिणगी पडूनही आग सहसा धरत नाही. चर खणून पाणी काढले किंवा सलग दुष्काळ पडला, की मात्र हाच थर इंधन बनतो. पीटची आग ज्वाळा दाखवत नाही. शेणाची गोवरी जशी आतल्या आत धुमसत राहते, तशी ती जमिनीखाली धुमसते आणि तासाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकते. वरचे गवत विझवले तरी खालचा विस्तव राहतो आणि वारा सुटला की दुसरीकडून वर येतो. अशा ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, आणि जळून पोकळ झालेली जमीन पायाखाली खचते. ही आग विझवणे इतके अवघड आहे की ती लागण्याआधी कोरडे पीट कुठे आहे हे कळणे, हाच तिच्यावरचा खरा उपाय ठरतो. नकाशा लागतो तो यासाठी.

डँडेनॉन्गच्या आसपासची जुनी दलदल

मेलबर्नच्या आग्नेयेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेले डँडेनॉन्ग दोन जुन्या दलदलींच्या वाटेवर आहे. नैऋत्येला, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी, कॅरम कॅरम दलदल होती. डँडेनॉन्ग क्रीक आणि युमेमरिंग क्रीक हे दोन ओढे तिच्यात येऊन पसरत. १८७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रापर्यंत पाट खणून तिचे पाणी काढण्यात आले. तो पाट आज पॅटरसन नदी म्हणून ओळखला जातो. मूळ दलदलीचे उरलेले तुकडे एडिथव्हेल-सीफर्ड पाणथळ क्षेत्रात जपले आहेत. २६१ हेक्टरच्या या क्षेत्राला २००१ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

दुसरी दलदल त्याहून कितीतरी मोठी होती. डँडेनॉन्गच्या आग्नेयेला सुमारे ३५ किलोमीटरवर, वेस्टर्न पोर्ट उपसागराच्या उत्तरेला, कू वी रपची दलदल होती. ती ४० हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेली होती आणि तीत पेपरबार्कची झुडपे व बोरूची दाट बेटे होती. तिचा निचरा १८७० च्या दशकात सुरू झाला. १८९० च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता कार्लो कॅटानी यांच्या देखरेखीखाली मुख्य चर खणला गेला आणि दलदलीवर छोट्या शेतकऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. १ डिसेंबर १९३४ च्या महापुराने ही जमीन मुळात पाण्याचीच असल्याची आठवण सगळ्यांना करून दिली. आज कू वी रप, बायल्स, कोरा लिन, डॅलमोर या भागात बटाटा आणि अ‍ॅस्परॅगस पिकतो. ऑस्ट्रेलियातला बहुतेक सगळा अ‍ॅस्परॅगस येथूनच येतो.

निचऱ्यानंतर येथील पीट आकसले, नांगरटीत चिकणमातीशी मिसळले आणि काही ठिकाणी जळूनही गेले. म्हणून या भागात पूर्वीसारखा सलग जाड थर शोधून उपयोग नाही. पीटयुक्त काळी माती आता तुकड्यातुकड्यांनी, कुठे उघडी, कुठे पिकाखाली, कुठे चराच्या काठाशी सापडते. नकाशा काढणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. इंडोनेशिया किंवा कॅनडातील विस्तीर्ण पीटजंगलांसाठी बनवलेली पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

व्हिक्टोरिया राज्याला पीटच्या आगीचा अनुभव नवा नाही. १७ मार्च २०१८ रोजी राज्याच्या नैऋत्य भागात लागलेल्या वणव्यांनी कॉब्डन गावाजवळच्या कॉब्रिको आणि एलिंगमाइट या तळ्यांच्या परिसरातील पीट पेटवले. गवताची आग लवकर आटोक्यात आली, पीट मात्र आठवडेच्या आठवडे धुमसत राहिले. कार्बन मोनॉक्साइडमुळे लगतच्या रहिवाशांना घरे सोडण्याचा सल्ला द्यावा लागला, आणि चर खणून, पाणी सोडून आग विझवावी लागली. त्याआधी ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मॉर्वेल येथील हेझलवूड खाणीतील लिग्नाइट पेटले होते. ती आग ४५ दिवस चालली. पीट आणि लिग्नाइट यांचे वय वेगळे असले तरी दोन्ही आगींचा धडा एकच आहे: जमिनीतले इंधन पेटले, की हिशेब तासांचा उरत नाही, आठवड्यांचा होतो.

उपग्रहाला काय दिसते

कोणताही उपग्रह जमिनीखालचे पीट थेट पाहत नाही. त्याला पृष्ठभाग दिसतो: झाडोरा, मातीचा रंग, ओलावा, उष्णता आणि उंचसखलपणा. या खुणांवरून खाली पीट असण्याची शक्यता ताडायची असते. त्यामुळे एकाच प्रकारच्या प्रतिमेवर विसंबू नये. पुढील चार प्रकार एकमेकांना पूरक आहेत.

पहिला प्रकार प्रकाशीय प्रतिमांचा. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून १० ते ६० मीटर तपशिलाच्या प्रतिमा देतात. दोन उपग्रह कार्यरत असताना त्याच जागेची प्रतिमा दर पाच दिवसांनी मिळते. लँडसॅटच्या प्रतिमांचा तपशील ३० मीटर इतकाच असला, तरी ऑस्ट्रेलियासाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा त्यांचा सलग संग्रह उपलब्ध आहे. जमिनीचा इतिहास पाहायचा तर लँडसॅटला पर्याय नाही.

दुसरा प्रकार रडारचा. सेंटिनेल-१ ची रडार लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची असते. ती ढगांतून आणि रात्रीही काम करते, पण दाट झाडोऱ्यात फार आत शिरत नाही. सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची एल बँड लहर झाडोरा भेदून खालच्या ओल्या जमिनीपर्यंत पोचते. जपानच्या अ‍ॅलोस मालिकेतील उपग्रह ती वापरतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या इस्रो आणि नासाच्या संयुक्त उपग्रहावर एल बँड आणि एस बँड अशी दोन्ही रडारे आहेत. पाणथळ जागांचा ओलावा पाहणे हे या उपग्रहाच्या कामांपैकी एक आहे.

तिसरा प्रकार उंचीच्या मोजणीचा. विमानातून लेझर किरण टाकून केलेल्या लायडार मोजणीत चर, बांध आणि काही डेसिमीटरचा खळगाही दिसतो. ऑस्ट्रेलियातील अशी माहिती एल्व्हिस या सरकारी संकेतस्थळावरून उतरवता येते. चौथा प्रकार उष्णतेच्या नोंदींचा. व्हिअर्स संवेदक ३७५ मीटरच्या आणि मोडिस १ किलोमीटरच्या चौकटीत तापलेली ठिकाणे टिपतो. या नोंदी जिओसायन्स ऑस्ट्रेलियाच्या डिजिटल अर्थ ऑस्ट्रेलिया हॉटस्पॉट्स सेवेत पाहता येतात. धुमसणारे पीट मात्र तुलनेने थंड असते आणि बरेचदा मातीखाली असते, त्यामुळे अशी आग या नोंदींतून सहज निसटते. हॉटस्पॉट दिसला नाही म्हणजे आग नाही, असे समजू नये.

पायरी पहिली: जुन्या दलदलीची सीमा

संगणकावर प्रतिमा उघडण्याआधी जुने नकाशे गोळा करावेत. निचरा झालेल्या भागात आजच्या झाडोऱ्यापेक्षा जुनी सीमा जास्त खरे सांगते. भूशास्त्रीय नकाशांवर दलदलीचे निक्षेप वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात. व्हिक्टोरियन रिसोर्सेस ऑनलाइन या सरकारी संग्रहात मातीची सर्वेक्षणे आहेत. राज्याच्या पर्यावरण खात्याने युरोपीय वसाहतीपूर्वी, म्हणजे १७५० च्या सुमारास, कोणत्या प्रकारचा झाडोरा कुठे असावा याचा अंदाजी नकाशा तयार केला आहे. त्यातील दलदली झुडपे आणि बोरूवने यांचे पट्टे वेगळे काढून घ्यावेत.

हे तिन्ही थर क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत एकावर एक ठेवावेत. तिन्हींत दलदल असलेला भाग हा गाभा धरावा, आणि एकाच नकाशात दिसणारा भाग संशयित म्हणून वेगळ्या रंगात ठेवावा. या सीमेबाहेर ५०० मीटरचा पट्टाही पाहणीत घ्यावा, कारण जुन्या नकाशांतील रेषा बहुधा ढोबळ असतात. सीमा ठरल्यावर तीवर लायडारची उंची चढवावी. जमीन आजूबाजूच्या शेतापेक्षा खाली बसलेली, चराचे बांध मात्र उंच राहिलेले, असे चित्र दिसले तर तेथे पीट आकसले असण्याची शक्यता मोठी. त्या जागा पुढच्या तपासणीसाठी आधी निवडाव्यात.

पायरी दुसरी: ओल्या आणि कोरड्या काळाची तुलना

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने येथील ओला काळ साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि आगीचा काळ डिसेंबर ते मार्च असतो. प्रत्येक वर्षासाठी दोन्ही काळांतील ढगविरहित प्रतिमांची मध्यक प्रतिमा बनवावी. हे काम गुगल अर्थ इंजिनवर किंवा डिजिटल अर्थ ऑस्ट्रेलियाच्या संगणकीय मंचावर, प्रतिमा घरच्या संगणकावर न उतरवताही करता येते.

मग प्रत्येक मध्यक प्रतिमेवर आर्द्रता निर्देशांक काढावा. सेंटिनेल-२ साठी त्याचे सूत्र सोपे आहे: बँड ८ मधून बँड ११ वजा करावा आणि उत्तराला दोन्हींच्या बेरजेने भागावे. बँड ८ जवळचे अवरक्त किरण मोजतो, बँड ११ सुमारे १.६ मायक्रोमीटरचे. पाणी हे दुसरे किरण शोषून घेते, म्हणून ओल्या जागी निर्देशांक वाढतो आणि कोरड्या जागी घटतो. बँड ११ चा तपशील २० मीटरचा असल्याने नकाशाही २० मीटरचाच ठेवावा. आकडे ताणून १० मीटरचा दाखवल्याने माहिती वाढत नाही.

एका वर्षाच्या तुलनेवर निष्कर्ष काढू नये. मेलबर्न परिसरासाठी फेब्रुवारी २००९ हा उत्तम कोरडा नमुना आहे. सहस्रकी दुष्काळाच्या शेवटी, ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यांच्या महिन्यात, जमीन जितकी वाळली होती तितकी क्वचितच वाळते. त्याउलट २०१० च्या अखेरीपासून २०११ च्या सुरुवातीपर्यंतचा ला निनाचा काळ ओला नमुना म्हणून वापरता येतो. हे दोन्ही लँडसॅटच्या संग्रहात मिळतात. ओल्या वर्षी भरपूर ओली आणि दुष्काळात पूर्ण वाळलेली जागा ही आगीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. दुष्काळातही ओली राहिलेली जागा जपण्याजोगी, कारण तेथील पीट अजून जिवंत आहे.

येथे पिकांचा अडथळा येतो. अ‍ॅस्परॅगसची तोडणी साधारण सप्टेंबर ते डिसेंबर चालते, त्यानंतर त्याचा पिसासारखा पाला उन्हाळाभर वाढू दिला जातो. फेब्रुवारीत वरून पाहिले तर असे शेत गर्द हिरवे दिसते. हरितता निर्देशांक उंच येतो, पाल्यातील पाण्यामुळे आर्द्रता निर्देशांकही फसवतो. त्याच शेताच्या दोन ओळींमधली काळी माती मात्र वरून भुसभुशीत कोरडी असू शकते. म्हणून पिकाखालील शेते वेगळ्या थरात काढावीत आणि त्यांचे मूल्यमापन पाला कापल्यानंतरच्या उघड्या मातीच्या प्रतिमांवरून करावे. उघडी पीटयुक्त माती दृश्य प्रकाशात आणि अवरक्त किरणांतही बरीच काळी दिसते. ओली चिकणमातीही काळसर दिसत असल्याने पावसानंतर लगेच घेतलेल्या प्रतिमा टाळाव्यात.

पायरी तिसरी: रडारची जोड

ढगाळ दिवस आणि झाडोऱ्याखालचा ओलावा या दोन उणिवा रडार भरून काढते. सेंटिनेल-१ च्या परतलेल्या संकेताची वर्षभराची मालिका काढावी. मोकळे, शांत पाणी गडद दिसते, ओली माती उजळ, कोरडी माती त्याहून मंद. पाण्यात उभ्या बोरूच्या बेटांत लहर पाण्यावर आणि देठांवर आपटून परतते, म्हणून ती जागा विशेष उजळ दिसू शकते. एल बँडमध्ये हा परिणाम पेपरबार्कच्या झाडोऱ्याखालीही जाणवतो.

नांगरट झालेली ढेकळेही संकेत उजळ करतात. एका प्रतिमेत अचानक उजळलेले, कडा सरळ असलेले शेत दिसले तर तो ओलावा नसून नांगरटही असू शकते. पाऊस पडल्यावर सगळा परिसर एकदम उजळतो, नांगरट झाली तर एकच शेत उजळते. हा फरक ओळखण्यासाठी हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदी बाजूला ठेवून मालिका वाचावी.

रडारचा दुसरा उपयोग जमीन खचण्याच्या मोजणीसाठी होतो. वेगवेगळ्या तारखांच्या रडार प्रतिमांतील लहरींच्या टप्प्यांची तुलना केल्यास मिलिमीटर-सेंटिमीटरचा चढउतार काढता येतो. निचरा झालेले पीट वर्षानुवर्षे खाली बसत असल्याने हा एक चांगला पुरावा आहे. शेतजमिनीवर पीक सतत बदलत असल्यामुळे मात्र ही पद्धत रस्त्याकडेला आणि कुरणांवर अधिक विश्वासार्ह ठरते.

पायरी चौथी: गिरमिट हातात घेऊन खातरजमा

संगणकावर तयार झालेला नकाशा हा अंदाज असतो. त्याची परीक्षा जमिनीवरच होते. नकाशाच्या प्रत्येक वर्गातून, म्हणजे नक्की पीट, संशयित आणि पीट नसलेली जमीन यांतून, यादृच्छिक पद्धतीने बिंदू निवडावेत. प्रत्येक वर्गाचे सुमारे ५० बिंदू असले तर अचूकतेचा आकडा भरवशाचा येतो. संगणकाला शिकवण्यासाठी वापरलेले बिंदू आणि परीक्षेचे बिंदू वेगळेच ठेवावेत. तेच बिंदू दोन्हीकडे वापरले तर नकाशा स्वतःच स्वतःला पास करतो. जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी, आणि चराच्या काठावर काम करताना काठ ढासळू शकतो याचे भान ठेवावे.

हाताने फिरवायचे मातीचे गिरमिट, टेप, स्थान नोंदवणारा फोन आणि नमुन्याच्या पिशव्या एवढे साहित्य पुरते. गिरमिट २० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी खाली न्यावे. प्रत्येक टप्प्यातून निघालेली माती ताटलीवर क्रमाने मांडावी. पीट वजनाला हलके असते, बोटांत चिकणमातीसारखे ताणले जात नाही, त्यात मुळांचे आणि देठांचे तंतू दिसतात. मूठभर ओले पीट दाबून पाहिल्यास तपकिरी पाणी निघते. स्वीडनमधील लेनार्ट व्होन पोस्ट यांनी १९२० च्या दशकात या दाबचाचणीची १ ते १० अशी श्रेणी बांधली. बोटांमधून जवळजवळ स्वच्छ पाणी निघाले तर पीट कमी कुजलेले, लगदाच बोटांतून बाहेर आला तर पूर्ण कुजलेले. जगभर ही श्रेणी आजही वापरात आहे. काही नमुने प्रयोगशाळेत पाठवून तापवल्यावर किती वजन जळून जाते ते मोजून घ्यावे, म्हणजे सेंद्रिय अंश नक्की कळतो.

सेंद्रिय थर ३० सेंटिमीटर किंवा जास्त जाड असेल तर पीटभूमी, अशी व्याख्या अनेक देशांत वापरतात. आगीच्या कामासाठी त्याहून पातळ थरही नोंदवावा, कारण १५ सेंटिमीटरचा कोरडा थरही कुंपणाचे खांब आणि झाडांची मुळे जाळू शकतो. त्याच ठिकाणी भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप उभा पुरून ठेवल्यास भूजलपातळी नियमित मोजता येते. वेस्टर्न पोर्टच्या किनारपट्टीकडे आम्लयुक्त गंधकी माती असण्याची शक्यता असते. ती उघडी पडली तर हवेच्या संपर्काने आम्ल तयार होते, म्हणून तेथे मोठे खड्डे न खणता गिरमिटाच्या बारीक छिद्रावरच भागवावे.

उपग्रह, लायडार आणि जमिनीवरची मोजणी यांची अशी सांगड घातल्याशिवाय पीटचा नकाशा भरवशाचा होत नाही, हे इंडोनेशियाच्या अनुभवातूनही दिसले. २०१५ च्या भीषण आगींनंतर तेथे जानेवारी २०१६ मध्ये पीट पुनरुज्जीवन संस्था स्थापन झाली आणि पीटच्या नकाशासाठी जलद, परवडणारी पद्धत शोधायला १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते ज्या चमूला मिळाले, त्याच्या पद्धतीत उपग्रह प्रतिमा, लायडार आणि प्रत्यक्ष मोजणी तिन्ही होते.

पायरी पाचवी: नकाशावरून धोक्याची वर्गवारी

पीट कुठे आहे हे कळले की तीन प्रश्नांची उत्तरे नकाशावर चढवावीत: थर किती जाड, पाणी किती खोल, आणि ठिणगी कुठून येऊ शकते. इंडोनेशियाच्या नियमांत पीटमधील पाणी पृष्ठभागाखाली ४० सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, असे बंधन आहे. हा आकडा उष्ण कटिबंधासाठी ठरवलेला असला तरी सुरुवातीची सीमारेषा म्हणून येथेही उपयोगी पडतो. स्थानिक मोजण्या जमल्या की तो बदलावा.

ठिणगीच्या बाजूला रेल्वेमार्ग, रस्ते, विजेच्या तारा, कचरा जाळण्याच्या जागा, गवत कापणी चालणारी शेते आणि जंगलाकडची बाजू हे घटक येतात. बनिप स्टेट पार्ककडून फेब्रुवारी २००९ आणि मार्च २०१९ मध्ये आलेल्या वणव्यांनी ही उत्तरेची बाजू किती धोकादायक आहे ते दाखवले. जाड थर, खोल गेलेले पाणी आणि जवळची ठिणगी हे तिन्ही असलेल्या जागा पहिल्या वर्गात घ्याव्यात, दोन असलेल्या दुसऱ्यात, एकच असलेल्या तिसऱ्यात. वर्ग तीनच असावेत. दहा रंगांचा नकाशा आगीच्या दिवशी कुणी वाचत नाही.

हे वर्ग ऋतूनुसार बदलतात. म्हणून नकाशाला कोरडेपणाच्या चालू आकड्याची जोड द्यावी. वणव्यांच्या कामात १९६८ पासून वापरात असलेला कीच-बायरम दुष्काळ निर्देशांक आणि हवामान खात्याचा मातीतील ओलाव्याचा अंदाज हे दोन्ही त्यासाठी उपलब्ध आहेत. या आकड्यांनी ठरलेली मर्यादा ओलांडली की दुसऱ्या वर्गातील जागा पहिल्यात धराव्यात.

नकाशा कामाला लावणे

नकाशाचे मोल त्यावरून घेतल्या जाणाऱ्या निर्णयांत आहे. पहिल्या वर्गातील जमिनीवर फांद्या, खोडे किंवा पिकांचा पालापाचोळा कधीच जाळू नये, आगीच्या काळाबाहेरही नाही. हिवाळ्यात पेटवलेला ढीग वरून विझला तरी त्याखालच्या कोरड्या पीटमध्ये विस्तव महिनोन्‌महिने टिकू शकतो. इतर जागी जाळायचे असेल तरी कंट्री फायर ऑथॉरिटीने जाहीर केलेला आगीचा काळ, परवाना आणि नगरपालिकेचे नियम पाळावेत. कू वी रपचा भाग कार्डिनिया शायरमध्ये, तर क्रॅनबर्नकडचा भाग केसी नगरपालिकेत येतो, आणि दोघांचे स्थानिक नियम वेगळे असू शकतात. १ सप्टेंबर २०२२ पासून देशभर लागू झालेल्या श्रेणीत धोक्याचे चार स्तर आहेत: मध्यम, उच्च, अतितीव्र आणि विनाशकारी. पहिल्या वर्गातील शेतांवर उच्च स्तराच्या दिवसापासूनच वेल्डिंग, ग्राइंडर आणि गवतकापणीची यंत्रे बंद ठेवावीत.

दुसरा निर्णय पाण्याचा. सगळे चर सारख्याच खोलीचे ठेवण्याची गरज नसते. पीक नसलेल्या तुकड्यांतील चरांवर लहान फळ्यांचे बंधारे घालून वसंत ऋतूतले पाणी उन्हाळ्यापर्यंत धरता आले, तर पीट ओले राहते. मात्र मुख्य चर पूरनियंत्रणासाठी आहेत आणि त्यांची जबाबदारी मेलबर्न वॉटरकडे आहे, म्हणून त्यांच्याशी आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय पाणी अडवू नये. एकाच्या शेतात धरलेले पाणी दुसऱ्याच्या अ‍ॅस्परॅगसची मुळे कुजवू शकते.

तिसरा निर्णय पोचण्याच्या वाटांचा. अग्निशमन दलाची अवजड वाहने मऊ जमिनीत रुततात, आणि जळालेल्या पोकळ जमिनीत तर बुडतात. म्हणून नकाशावर भक्कम रस्ते, पुलांची वजनमर्यादा, पाणी भरण्याच्या जागा आणि वळायला पुरेल अशी मोकळी जागा दाखवावी. नकाशाची छापील प्रत स्थानिक अग्निशमन दलाच्या ठाण्यात आणि संगणकीय प्रत त्यांच्या नकाशाप्रणालीत चालेल अशा स्वरूपात द्यावी.

रहिवाशांनी ओळखायच्या खुणाही नकाशासोबत एका पानावर द्याव्यात: ज्वाळा नसताना सतत येणारा धूर, जळक्या मातीचा उग्र वास, राखेने भरलेला खळगा, मुळापासून कोसळलेले पण वर हिरवे असलेले झाड. अशा जागेवरून चालू नये, बादलीभर पाणी टाकून ती विझली असे मानू नये, आणि ट्रिपल झिरो म्हणजे ००० या क्रमांकावर लगेच कळवावे. धूर घरापर्यंत येत असेल आणि डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घेऊन तेथून बाहेर पडावे. व्हिकइमर्जन्सी अ‍ॅपमध्ये राहत्या भागाभोवती लक्षक्षेत्र नोंदवून ठेवले तर इशारे थेट फोनवर येतात.

नकाशा ताजा ठेवणे

पीटचा नकाशा एकदा काढून संपत नाही. आग लागली की तेथील थर कमी होतो, नवीन चर खणला की पाणी खाली जाते, कुरणाची वसाहत झाली की जमिनीवर भराव पडतो. क्लाइड, ऑफिसर आणि पेकनहॅमकडे वाढणाऱ्या वस्त्यांमुळे हा तिसरा बदल सध्या वेगाने होतो आहे. दरवर्षी आगीचा काळ संपल्यावर, साधारण मे महिन्यात, उन्हाळ्यातील प्रतिमा घालून कोरडेपणाचा थर अद्ययावत करावा. दर तीन ते पाच वर्षांनी गिरमिटाच्या मोजणीचे काही बिंदू पुन्हा तपासावेत. आग लागून गेलेल्या जागी बँड ८ आणि बँड १२ यांच्यापासून काढलेला जळीत निर्देशांक वापरून सीमा आखावी आणि आत जाणे सुरक्षित झाल्यावर थराची जाडी पुन्हा मोजावी.

प्रत्येक नकाशावर चार गोष्टी छापलेल्या असाव्यात: प्रतिमांच्या तारखा, जमिनीवर तपासलेल्या बिंदूंची संख्या, अचूकतेची टक्केवारी आणि पुढच्या दुरुस्तीची तारीख. संशयित भाग फिक्या रंगात तसाच राहू द्यावा, नीटस दिसावा म्हणून तो पुसून टाकू नये. आग विझवायला आलेल्या माणसाला नक्की माहीत असलेली जमीन आणि अंदाजाने रंगवलेली जमीन यांतला फरक एका नजरेत कळला पाहिजे.